शब्दविचार : संताप



"त्याच्या बोलण्याचा मला असा संताप आला!" असे आपण सहज म्हणतो. राग, चीड, क्रोध हे शब्द असताना संताप केव्हा म्हणायचे? तळपायाची आग मस्तकात जाते, स्वतःला आवरणे कठीण होते, तेव्हा तो संताप.

शब्दाची फोड अशी : सम् + ताप. ताप म्हणजे उष्णता. सम् म्हणजे पूर्णपणे. संस्कृतात संताप म्हणजे दाह, तसेच तीव्र दुःख. हिंदीत दुःखाचा अर्थ टिकून आहे. सीमेपलीकडे खेतियाकडे ज्यांचे नातलग आहेत, त्यांनी हिंदी शोकपत्रिकेत 'शोकसंतप्त परिवार' हे शब्द वाचले असतील. ते कुटुंब रागावलेले नसते, दुःखात असते. मराठी वर्तमानपत्रातला 'संतप्त जमाव' मात्र चिडलेला असतो.

दुःख आणि राग एकमेकांपासून फार दूर नाहीत. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार बालसोबती हुतात्मे झाले. अशा वेळी लोकांचा संताप आणि आईबापांचा संताप हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात मावतात.

शुभवर्तमानातही असेच दिसते. शब्बाथ दिवशी वाळलेल्या हाताच्या माणसाला येशू बरे करतो का, हे पाहून त्याच्यावर दोष ठेवावा, म्हणून लोक टपून बसले होते. प्रभू येशूने त्यांच्याकडे रागाने पाहिले. त्याच वेळी त्यांच्या कठोर मनाबद्दल त्याला दुःखही झाले (मार्क ३:५). मग त्याने काय केले? कोणावर हात उगारला नाही. त्या माणसाचा हात बरा केला.

आता वापर पाहा. राग 'येतो', राग 'धरतो', राग 'काढतो'. येणे आपल्या हाती नाही. धरणे आणि काढणे आपल्या हाती आहे. बाहेरचा राग घरी बायको-मुलांवर काढतो, भावाभावांत बांधावरून वर्षानुवर्षे अबोला धरतो, ते आपणच. सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नये, असे संत पौल सांगतो ते याचसाठी (एफेसकरांस ४:२६).

ताप या शब्दाची आणखी दोन भावंडे आहेत : मनस्ताप आणि पश्चात्ताप. संतापात बोललेला एक शब्द समोरच्याला मनस्ताप देतो. नंतर आपले मन भाजते, तो पश्चात्ताप. मात्र हा ताप माणसाला समेटाकडे नेतो.

घरी विचार करा : मी कोणावर राग धरून आहे? या आठवड्यात पहिले पाऊल मी टाकीन का?