पायाला प्लास्टर आणि बोटीचा प्रवास : एका प्रश्नातून चार तासिका



सहलीचे दिवस आले की प्रत्येक शाळेत एखादं तरी मूल असं असतं, ज्याचा पाय नेमका त्याच वेळी मोडलेला असतो. कोणी सायकलवरून पडतं, कोणी चिंचेच्या झाडावरून. मग आपण सगळे मिळून ठरवून टाकतो, "बाळा, तू या वेळी घरीच थांब." पण खरंच घरी थांबणं गरजेचं आहे, की आपल्याला विचार करायचा कंटाळा आहे? आजचा लेख याच प्रश्नावर आहे.

आमच्या संग्रामपूर तालुक्यातून समुद्र किती लांब आहे ते तुम्हाला माहीत आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेचं खोरं. खारं पाणी आम्हाला माहीत आहे ते खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं, समुद्राचं नाही. अशा गावात पाचवीतल्या एका मुलाच्या मुंबईच्या मामांनी सगळ्या कुटुंबासाठी दोन रात्रींच्या क्रूझची तिकिटं काढली आणि त्याच सुमारास पोराच्या घोट्याजवळचं हाड मोडलं. वडील शाळेत आले. "मॅडम, पोराच्या पायाले सहा हप्त्याचं प्लास्टर हाय. बोटीवर नेऊ का नको?" आजीचं मत तर पक्कं होतं, "मोडक्या पायानं समुद्रात काहून नेता पोराले?"

जायचं की नाही हे डॉक्टरच सांगू शकतात, आणि मी त्यांना तेच सांगितलं. पण डॉक्टरांना काय विचारायचं आणि बोटीवर काय बघायचं, हे वर्गात नक्की शिकता येतं. त्यातून चार तासिका झाल्या. तुमच्या वर्गासाठी त्या इथे देत आहे.

पहिली तासिका : प्लास्टर म्हणजे काय?

मुलांना प्लास्टर म्हणजे सही करायची पांढरी जागा वाटते. थोडं विज्ञान सांगा. जिप्सम नावाचा खनिज दगड तापवला की त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं आणि पांढरी पूड उरते. पॅरिसजवळ जिप्समच्या मोठ्या खाणी होत्या, म्हणून तिचं नाव प्लास्टर ऑफ पॅरिस. या पुडीत पाणी घातलं की ती पुन्हा जिप्सम बनून घट्ट होते आणि होताना उष्णता बाहेर पडते. पट्टी ओली करून पायावर गुंडाळली की पाय गरम लागतो, तो याचमुळे. अँटोनियस मॅथायसेन या डच लष्करी डॉक्टरने 1852 साली ही पट्टीची पद्धत प्रसिद्ध केली. वर्गात वाटीभर प्लास्टर भिजवा आणि वाटीला बाहेरून हात लावायला सांगा. ही कृती मुलं विसरत नाहीत. (प्लास्टरमध्ये बोट मात्र घालू देऊ नका, भाजू शकतं.)

आता यातून प्रवासाचा पहिला नियम निघतो : प्लास्टर भिजू द्यायचं नाही. भिजलं की ते मऊ पडतं आणि हाडाला आधार राहत नाही. हल्लीचं फायबरचं प्लास्टर हलकं असतं, पाण्याने लवकर बिघडत नाही. पण आतला कापूस ओला राहिला तर कातडी खराब होते. म्हणून पोहण्याचा तलाव नाही, आणि अंघोळीला पाय पिशवीत बांधून बाहेर ठेवायचा.

दुसरी गोष्ट पालकांनी पाठच करावी. पायाची बोटं निळी किंवा फिकट पडली, थंड लागली, बधिर झाली, हलेनाशी झाली किंवा दुखणं वाढतच गेलं, तर वाट बघायची नाही. लगेच डॉक्टर गाठायचे. प्लास्टर घट्ट होऊन रक्तपुरवठा अडत असल्याची ही लक्षणं असू शकतात. नवीन प्लास्टरच्या पहिल्या काही दिवसांत सूज जास्त येते, तेव्हा लांबचा प्रवास टाळलेला बरा. गाडीत पाय खाली लोंबकळत ठेवू नये, उशीवर उंच ठेवावा आणि बोटं हलवत राहावं. प्लास्टर घरातल्या मोठ्या माणसाला असेल, तर तासन्‌तास बसून पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका आहे का, हेही डॉक्टरांना विचारा.

दुसरी तासिका : कुबडी आणि डोलणारी जमीन

एका मुलाला दोन्ही पाय फाकवून उभं करा आणि हलकेच ढकला. मग एका पायावर उभं करून ढकला. फरक सगळ्यांना दिसतो. शरीराखालची आधाराची जागा जितकी मोठी, तितका तोल पक्का. दोन कुबड्या आणि एक चांगला पाय मिळून जमिनीवर त्रिकोण तयार होतो. आपलं वजन त्या त्रिकोणाच्या आत पडतं तोवर आपण पडत नाही.

बोटीवर अडचण अशी की खालची जमीनच हलते. बोट कधी डावी-उजवीकडे डोलते, कधी पुढे-मागे. मुलांना सी-सॉची आठवण द्या : टोकाला बसलेला सर्वात जास्त वर-खाली होतो, मधला जवळजवळ हलत नाही. मोठ्या जहाजाचंही तसंच. म्हणून खोली शक्यतो जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. आमच्या वर्गातल्या एका मुलीने लगेच विचारलं, "मॅडम, मग एसटीत मागच्या सीटवर जास्त आदळतं ते पण याच्यामुळेच का?" बरंचसं होय. मागची सीट चाकांच्याही मागे असते ना!

कुबडीबद्दल तीन गोष्टी तपासा. खालचं रबरी बूच झिजलेलं नसावं, नाहीतर ओल्या फरशीवर ती घसरते. वरची गादी काखेपासून दोन-तीन बोटं खाली असावी. आणि वजन हाताच्या पंजावर घ्यावं, काखेवर नाही. काखेतल्या नसा दबल्या तर हाताला मुंग्या येतात.

तिसरी तासिका : भरती-ओहोटी आणि पाऊणकी

मुंबईत पाण्यावर जायचे मार्ग तीन प्रकारचे. एक, गेटवेवरून घारापुरीला किंवा मांडव्याला जाणाऱ्या लहान बोटी. दोन, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट, जी 2020 मध्ये सुरू झाली आणि जिच्यात गाड्यासुद्धा चढतात. तीन, मोठी क्रूझ. 2018 मध्ये 'आंग्रिया' मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली, 2021 पासून 'कॉर्डेलिया'चं मोठं जहाज मुंबईहून सुटू लागलं. कान्होजी आंग्र्यांचं नाव इथे आपोआप येतं, इतिहासाचा धागा जोडून घ्या.

पाय दुखत असताना यातलं सर्वात अवघड काय? मुलं म्हणाली, "मोठं जहाज!" खरं तर उलट आहे. मोठ्या जहाजात लिफ्ट असते, आधी कळवलं तर चाकाची खुर्ची मागता येते. लहान बोटीत मात्र धक्क्यावरून बोटीत पाय टाकावा लागतो, आणि मधलं अंतर भरती-ओहोटीने बदलतं. उधाणाच्या दिवशी मुंबईत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडू शकतो. ओहोटीला खालच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात.

इथे गणित आणा. कोकणात एक जुना ठोकताळा आहे : तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. पंचमी असेल तर 5 गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. घरातलं कॅलेंडर आणा आणि मुलांना दहा तिथ्या सोडवायला द्या. पाऊणकीचा पाढा इतक्या आवडीने म्हणताना मी मुलांना आधी पाहिलं नव्हतं. (हा अंदाज आहे हे सांगा. प्रत्यक्ष प्रवासाला बंदराचं वेळापत्रकच बघायचं.) सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटी येतेच, त्याची ही पूर्वतयारी.

घारापुरीबद्दल एक सूचना. धक्क्यापासून पुढे छोटी रेल्वे आहे, पण लेण्यांपर्यंत सुमारे 120 पायऱ्या आहेत. डोलीची सोय असते. तरी प्लास्टर असताना लेणी पुढच्या वर्षासाठी ठेवावी, ती सहाव्या शतकाच्या सुमारापासून तिथेच आहेत, कुठे जात नाहीत!

चौथी तासिका : भोंगा वाजला तर?

1912 मध्ये टायटॅनिक बुडालं आणि त्यानंतर 1914 मध्ये समुद्रातल्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज मोठ्या प्रवासी जहाजावर निघण्याआधी किंवा निघताच प्रवाशांना सुरक्षा सराव करावा लागतो. धोक्याचा इशारा ठरलेला आहे : सात लहान भोंगे आणि एक लांब. वर्गात शिट्टीने वाजवून बघा.

आता मुलांना विचारा, "आगीच्या वेळी लिफ्ट वापरायची नसते. मग कुबडीवाला माणूस काय करेल?" थोडी शांतता पसरते. उत्तर असं की त्याने जहाजावर पाऊल ठेवताच कर्मचाऱ्यांना सांगायचं, "मला जिना उतरता येत नाही, मला मदत लागेल." मदत मागणं म्हणजे कमीपणा नव्हे, ती सुरक्षिततेची पहिली पायरी आहे. हे वाक्य फळ्यावर लिहा. मोडलेला पाय लपवणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

पुढे काय झालं?

डॉक्टरांनी तिसऱ्या आठवड्यात पुन्हा एक्स-रे काढला, प्रवासाला हरकत नाही अशी चिठ्ठी दिली आणि पोरगा गेला. वडिलांनी चाकाची खुर्ची आधीच कळवून ठेवली होती. परत आल्यावर त्याने वर्गाला सांगितलं ते मात्र आम्हाला कोणालाच सुचलं नव्हतं. लाटांचा त्रास त्याला झाला नाही. त्रास झाला तो खोलीतल्या बाथरूमच्या उंबरठ्याचा. पाणी बाहेर येऊ नये म्हणून जहाजात असे उंच उंबरठे असतात. "मॅडम, आपल्या शाळेच्या संडासाले पण तशीच पायरी हाय."

होती खरी. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या मानकांत शाळेची इमारत अडथळामुक्त असावी असं लिहिलं आहे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा दीर्घकाळच्या अपंगत्वासाठी आहे, सहा आठवड्यांचं प्लास्टर त्यात बसत नाही. पण उतार बांधला तर तो दोघांनाही उपयोगी पडतो. या मुलाने सहा आठवडे जे सोसलं ते एखादं दिव्यांग मूल रोज सोसतं, हे वर्गाला त्या दिवशी कळलं.

मुलांनी पट्टी घेऊन पायरी मोजली : 15 सेंटीमीटर. उताराचं प्रमाण 1:12 धरतात. म्हणजे 15 गुणिले 12, 180 सेंटीमीटर लांबीचा उतार हवा. तो कागद मुलांनी स्वतःच्या सह्यांनी शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवला. विषय पुढच्या बैठकीत आहे.

तुम्ही काय करू शकता?

1. शाळेतली प्रत्येक पायरी मुलांकडून मोजून घ्या आणि उताराची लांबी काढायला सांगा.
2. सहलीआधी एक प्रश्न विचारा : "कुबडी असलेलं मूल इथे कुठे अडेल?"
3. मुलाला घरी ठेवायचं असेल तर कारण डॉक्टरांचं असावं, आपल्या सोयीचं नाही.
4. पालकांनी प्रवासात डॉक्टरांची चिठ्ठी, एक्स-रे आणि औषधं वरच्या बॅगेत ठेवावी.
5. मूल खरंच जाऊ शकत नसेल, तर त्याला सहलीचं काम द्या. नकाशा, वेळापत्रक, भरतीचं गणित त्याच्याकडे. म्हणजे ते सहलीतून वगळलं जाणार नाही.

आपल्या वर्गात यातली एक तरी तासिका घेऊन बघा. आणि हो, पट्टी घेऊन सुरुवात संडासाच्या पायरीपासूनच करा.