शनिवारची दुपार : व्हिक्टोरियन इंग्लंडमधील गिरणी, खेळ आणि फुरसत

डिकन्सच्या ‘हार्ड टाइम्स’ या 1854 सालच्या कादंबरीत एका बाजूस गिरण्यांचे धुरकट गाव आहे आणि दुसऱ्या बाजूस सर्कस. वस्तुस्थितीखेरीज कशालाच थारा न देणाऱ्या ग्रॅडग्राइंडची मुले सर्कशीत चोरून डोकावताना सापडतात, तेव्हा यंत्रयुग हे खेळकर वृत्तीचे वैरी आहे, असा अर्थ वाचकाच्या मनावर ठसतो. कादंबरीपुरता तो योग्यच आहे. समाजेतिहासाला मात्र तो पुरेसा नाही. त्याच वर्षी जानेवारीत डिकन्स लँकेशायरमधील प्रेस्टन येथे गिरणी कामगारांचा संप पाहण्यास गेला होता. पुढे 1888-89 मध्ये इंग्लंडच्या पहिल्या फुटबॉल लीग स्पर्धेत एकही सामना न हरता विजयी झालेला संघ याच प्रेस्टनचा होता. गिरणीच्या गावात हे घडले कसे?

औद्योगिक क्रांतीपूर्वीचा लोकांचा खेळ ऋतुचक्राशी आणि सणवारांशी बांधलेला होता. लेंटच्या उपवासापूर्वीच्या मंगळवारी अनेक गावे रस्तोरस्ती चेंडूमागे धावत. खेळाडूंची संख्या ठरलेली नसे, वेळेचेही बंधन नसे. (आपल्या शिमग्याशी याचे नाते जोडण्याचा मोह होतो, तो आवरलेला बरा.) हातमागावरचा विणकर सोमवारी काम टाकून बसे आणि त्या रिवाजाला थट्टेने ‘संत सोमवार’ म्हटले जाई. बाष्पयंत्राला हा संत मान्य नव्हता. यंत्र सुरू झाले की साऱ्यांनी एकदम हजर असणे भाग होते. 1835 च्या महामार्ग कायद्याने तर हमरस्त्यावर फुटबॉल खेळणे दंडनीय ठरविले.

परंतु ज्या शिस्तीने जुनी फुरसत हिरावली, तिच्यातूनच नवी निर्माण झाली. 1850 च्या फॅक्टरी कायद्यानुसार कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबू लागले. प्रौढ पुरुषांसाठी हा कायदा नव्हताच. पण त्यांच्यावाचून गिरणी चालेना, म्हणून पुरुषही सुटले. मराठीतील ‘सुट्टी’ या शब्दामागचे ‘सुटणे’ येथे अक्षरशः लागू पडते. खेदाची गोष्ट अशी की, ज्यांच्या नावे ही दुपार मिळाली त्या स्त्रियांच्या वाट्याला घरचे साचलेले काम आले, आणि मैदान पुरुषांचे झाले.

ही सुटका घड्याळाने मोजलेली असल्यामुळे खेळही घड्याळात बसवावा लागला: नव्वद मिनिटे, अकरा खेळाडू, आखलेले मैदान. संघ आणि प्रेक्षक आगगाडीने येऊ लागले. मैदानावरचे गवत कापण्याचे यंत्रसुद्धा गिरणीचेच अपत्य होते. 1830 मध्ये एडविन बडिंग याला ते सुचले ते कापडावरील लव कातरणाऱ्या यंत्रावरून.

मग प्रश्न आला मोबदल्याचा. 1884 मध्ये लंडनच्या एका संघाने प्रेस्टनविरुद्ध तक्रार केली. तेव्हा संघाचा कारभारी विल्यम सडेल, जो स्वतः गिरणीचा व्यवस्थापक होता, याने खेळाडूंना पैसे दिले जातात हे उघड मान्य केले. प्रेस्टन चषक स्पर्धेतून बाद झाले. पण पुढच्याच वर्षी फुटबॉल संघटनेला असे पैसे देणे नियमात बसवावे लागले.

इतर खेळांतील प्रतिष्ठितांनी इतक्या सहजासहजी माघार घेतली नाही. हेन्लीच्या नौकास्पर्धेच्या 1879 च्या नियमाने कारागीर व मजूर यांना ‘ॲमॅच्युअर’ या व्याख्येतूनच वगळले. एक पैसाही न घेता वल्हविणारा सुतारही तेथे अपात्र होता. मराठीत आपण ‘हौशी’ हा प्रतिशब्द रूढ केला. त्यात हौस आली, वर्गभेद मात्र गळून गेला. व्हिक्टोरियन वाङ्मयाच्या अनुवादकाने हा शब्द जपून वापरावा, असे मला वाटते.

रग्बीत या शब्दाची किंमत शिलिंगांत मोजली गेली. परगावच्या सामन्यासाठी निघालेल्या गिरणी कामगाराची वा खाणकामगाराची शनिवार सकाळची पाळी बुडे. आपल्या गिरणगावच्या भाषेत सांगायचे तर त्याचा खाडा होई आणि मजुरी कापली जाई. ही भरपाई द्यावी, हा उत्तरेकडील क्लबांचा प्रस्ताव 1893 मध्ये फेटाळला गेला. भरपाई म्हणजे खेळाची विक्री, असे विरोधकांचे म्हणणे. त्यांपैकी बहुतेकांना खाडा म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. अखेर 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्ड येथील एका हॉटेलात उत्तरेकडील क्लबांनी वेगळी संघटना स्थापली, आणि खाड्यापोटी खेळाडूला दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत देण्याची मुभा ठेवली.