शरीरयात्रा (गीता, अध्याय ३, श्लोक ८)



आज तिसऱ्या अध्यायातला आठवा श्लोक. आधी सरळ अर्थ सांगते. भगवंत अर्जुनाला म्हणतात, तुझ्या वाट्याचं कर्म तू कर; काहीच न करण्यापेक्षा करणं चांगलं. आणि हातावर हात ठेवून बसलास, तर तुझी शरीरयात्रासुद्धा चालायची नाही.

पहिला अर्धा भाग आपल्याला पाठ असतो. दुसरा अर्धा स्टेटसला कोणी लावत नाही, कारण त्यात आंघोळ, धुणं, भांडी, औषधाची वेळ असलंच सगळं येतं. मला आज नेमका तिथलाच एक शब्द हवाय : शरीरयात्रा. शंकराचार्यांनी भाष्यात त्याचा अर्थ शरीराची स्थिती, म्हणजे शरीर टिकून राहणं, असा दिलाय. संस्कृतात 'यात्रा' म्हणजे निर्वाहही होतो, तेव्हा अर्थ अगदी चोख. पण मराठी कानावर 'यात्रा' पडलं की डोळ्यांपुढे पंढरीची वाटच येते, त्याला काय करणार!

वारीतल्या सासवडच्या मुक्कामाबद्दल सांगते. माउलींची पालखी आळंदीहून निघते, पुण्यात दोन रात्री थांबते, मग दिवेघाट चढून सासवडला येते. पुणे ते सासवड हा अख्ख्या वाटेतला सगळ्यात लांब टप्पा, तीस किलोमीटरच्या वर, आणि त्यात घाट. सासवडलाही दोन रात्रींचा मुक्काम असतो. मधला दिवस चालणं नाही. घाटाचे ड्रोनवरून काढलेले व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत. हा मधला दिवस मात्र कुठल्याच रीलमध्ये नसतो.

नागपूरहून आम्ही काही जण एका दिंडीबरोबर होतो. पहाटे काकडा झाला, आणि उजाडल्यावर बघते तर सगळा तळ कामाला लागलेला. सामानाच्या ट्रकच्या कड्यापासून बाभळीपर्यंत दोरी ताणलेली, तिच्यावर धोतरं आणि नऊवारी लुगडी. जागा पुरेना म्हणून ट्रकच्या फाळक्यावर बनियन, तंबूच्या दोऱ्यांवर टॉवेल. घाटातल्या चिखलाने पांढरं काही पांढरं उरलं नव्हतं. एकीकडे दाढ्या चाललेल्या, एकीकडे चपलांना टाके. पखवाजवाले बुवा वाद्या ओढून ओढून सूर बघत होते. चार्जिंगच्या एका बोर्डाला पंधरा मोबाईल लटकलेले. पायाच्या फोडांवर जो तो आपापला उपाय सांगत होता (मी धंतोलीची, आमच्याकडे दर दुसऱ्या पाटीवर डॉक्टरचं नाव, त्यामुळे सुई-दोऱ्याच्या उपायाबद्दल मी तोंड मिटून बसले).

मी ट्रकच्या सावलीत ज्ञानेश्वरी उघडून बसले होते. यवतमाळकडच्या एक मावशी बादली घेऊन आल्या.

"कायले बसली व माय? धुनं नाई का तुह्यं?"

"आहे ना मावशी. थोडं वाचून घेते म्हटलं. आज चालायचं नाही, तेवढाच वेळ मिळतो."

"वाच ना मंग. आन तुह्ये कपडे दे इकडं."

दिले नाहीत हो! उठून त्यांच्याबरोबर टँकरपाशी गेले. त्यांच्या बादलीत स्वतःची दोन लुगडी होती, आणि खाली एक खाकी शर्ट. कोणाचा म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, डायवरचा. तो रात्रभर गाडी रांगेत लावत होता, आता झोपला आहे, उठल्यावर घालायला सुकलेला पाहिजे. एवढं बोलून त्या कॉलर घासायला लागल्या. ना त्यावर हरिपाठ म्हटला, ना सेवा-बिवा शब्द काढला. शर्ट मळला होता, इतकंच.

परत आल्यावर हा श्लोक वाचताना मला महाभारतातला एक प्रसंग आठवला. तो द्रोणपर्वात आहे, आणि तुम्ही वाचला नसेल तर जरूर वाचा. युद्धाचा चौदावा दिवस. सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. एकेक घटका मोलाची. आणि मध्येच घोडे थकतात. अंगात बाण रुतलेले, तहानेने व्याकूळ. अर्जुन रथातून उतरतो, बाणाने जमीन फोडून पाणी काढतो, बाणांचाच आडोसा उभा करतो आणि शत्रूला एकटा थोपवून धरतो. इकडे श्रीकृष्ण घोडे सोडतात. त्यांच्या अंगातले बाण स्वतःच्या हाताने उपसतात, त्यांना चोळतात, न्हाऊ घालतात, पाणी पाजतात, चारा देतात. दमणूक उतरली की पुन्हा जुंपतात.

ज्या मुखाने हा आठवा श्लोक सांगितला, त्याच्याच हाताचं हे काम. सूर्य पश्चिमेकडे सरकतोय, आणि जगन्नाथ घोड्यांना खरारा करतोय! मला हा प्रसंग विश्वरूपाइतकाच मोठा वाटतो. अकराव्या अध्यायावर शंभर प्रवचनं होतात, या घोड्यांवर एखादं.

आपण एक सवयीचं वाक्य बोलतो : "कामं उरकली की साधनेला बसते." म्हणजे कामं अलीकडे, साधना पलीकडे. मग हळूहळू कामं दुसऱ्या कोणाकडे तरी सरकतात. आईकडे, नाहीतर बहुतेक वेळा बायकोकडे किंवा कामवाल्या ताईंकडे. आपलं पारायण वेळेत पूर्ण होतं. जनाबाईबरोबर विठ्ठल दळायला बसायचा, ही कथा सांगताना आपल्याला गहिवरून येतं. घरात आत्ता जात्यापाशी कोण आहे, हे मात्र आपण पाहत नाही. श्लोक स्पष्टच सांगतो, की देह असेपर्यंत ही यात्रा कोणाला चुकलेली नाही. तुमच्या वाट्याची पावलं तुम्ही टाकली नाहीत, तर ती दुसरं कोणी तरी टाकत असतं, स्वतःच्या पावलांवर आणखी.

हे लिहिताना समोरच्या रस्त्यावरचं दिसतंय. धंतोलीत दवाखाने इतके, की गोंदिया, चंद्रपूर, छिंदवाड्याहून आलेली माणसं पेशंटबरोबर आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस इथेच असतात. सकाळी नळावर बाटल्या भरतात, स्टीलचे डबे घासतात, कंपाउंडच्या जाळीवर टॉवेल वाळत घालतात. आज एक आजोबा पेशंटचा शर्ट झटकून झटकून वाळत घालत होते. बाह्या सरळ केल्या, खिसा उलटा करून बघितला, मग ऊन कुठून येतं ते पाहून शर्टाची बाजू बदलली. दहा-पंधरा मिनिटं तरी लागली असतील त्यांना. मग पिशवीतून छोटी पोथी काढून ते शर्टाकडे लक्ष ठेवत तिथेच कट्ट्यावर वाचत बसले.

उद्या नववा श्लोक, यज्ञासाठी केलेल्या कर्माचा. तोवर द्रोणपर्वातला तो भाग मिळाला तर वाचून ठेवा.

राम कृष्ण हरी.