आधी मुदत, मग भाव

पाथरीच्या पंचक्रोशीत पैसा दरमहा येत नाही. कापूस, सोयाबीन आणि तूर जसजशी मोंढ्यावर जाईल तसतसा तो दिवाळीपासून होळीपर्यंत एकरकमी हाती पडतो, आणि खर्च मात्र बाराही महिने अव्याहत चालू राहतो. अशा ठिकाणी ज्या घरचा जमाखर्च शांत चित्ताने, पुढची कामे समोर ठेवून लिहिला जातो, तेच घर बाजाराच्या चढउतारांत स्थिर राहते, असे माझे निश्चित मत आहे. आणि ज्या एका हंगामाने ते पक्के झाले, त्याची हकीकत नव्याने संसाराची सूत्रे हाती घेणाऱ्यांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे नमूद करतो.

२०२२ च्या आरंभी कापसाने क्विंटलमागे दहा हजारांची मर्यादा ओलांडली आणि उन्हाळ्यात तर काही बाजारांत तो बारा हजारांच्याही वर विकला गेला. ज्यांनी दिवाळीतच माल काढून टाकला होता ते हळहळले, ज्यांचा शिल्लक होता त्यांच्या दूरदृष्टीची गावभर वाखाणणी झाली, आणि तोच भाव जणू कापसाचा कायमचा हक्क आहे अशी समजूत घरोघर रुजली. पुढच्या हंगामात, डिसेंबरच्या सुमारास, भाव साडेआठ-नऊ हजारांच्या घरात असताना माझा धाकटा चुलतभाऊ मला म्हणाला, “दादा, दहा हजाराच्या खाली यंदा कापूस द्यायचाच नाही.” पन्नासएक क्विंटल कापूस दोन खोल्यांत आढ्यापर्यंत भरला गेला, अंथरुणे ओसरीवर आली, मुलांच्या हातापायांना खाज सुटून पुरळ उठले, आणि फाल्गुनाच्या उन्हात माल वाळून वजनात घट येऊ लागली. दरम्यान पुण्यात शिकणाऱ्या त्याच्या मुलीच्या फीचा हप्ता आला. घरात लाखोंचा माल असूनही रोकड नव्हती, तेव्हा ती रक्कम शेकडा तीन रुपये दरमहा व्याजाने उचलावी लागली. अखेर मे २०२३ मध्ये तो कापूस सात हजारांवर थोड्याशा भावाने गेला. क्विंटलमागे दीड हजार, म्हणजे पाऊण लाख रुपये भावातच गेले. घट आणि व्याज त्याहून वेगळे.

या हानीचे मूळ शोधताना कोणाच्या लोभाला दोष देऊन भागत नाही. मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात पौंडामागे दीडशे सेंटांवर गेलेली रुई वर्षअखेरीस ऐंशीपंच्याऐंशी सेंटांवर उतरली होती, जगभर सुताची मागणी मंदावली होती, आणि यांपैकी एकही गोष्ट पाथरीच्या शेतकऱ्याच्या स्वाधीन नव्हती. फीची तारीख मात्र सहा महिने आधीपासून ठाऊक होती. जे ठाऊक होते त्याची तजवीज न करता जे अज्ञात होते त्याची वाट पाहणे, हे हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे झाले.

म्हणून माझे सांगणे असे की हंगामाच्या आरंभीच वहीच्या कोऱ्या पानावर आधी काम, त्यापुढे रक्कम आणि त्यापुढे मुदत लिहावी. वर्षाच्या आत लागणारा पैसा, मग तो फीचा असो, बी-खताचा असो वा पीककर्जाच्या फेडीचा, चालू भावाने तेवढाच माल विकून बाजूला काढावा; तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याजाचा भार उरत नाही, आणि असा निश्चित लाभ भाववाढीच्या आशेवर सोडणे शहाणपणाचे नव्हे. सोयाबीन-तूर थांबवायचीच असेल तर जी बाजार समिती शेतमाल तारण योजना राबवते तिच्याकडे ठेवावी. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने मिळते आणि सावकाराचे दार टळते.

दोन-चार वर्षांनी लागणारी रक्कम बँकेच्या किंवा डाकघराच्या मुदत ठेवीत असावी. बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांच्या, मग त्या मल्टीस्टेट का असेनात, ठेवींना ते नाही, तेव्हा दोन टक्के अधिक व्याजाच्या मोहाने मुलीच्या लग्नाची पुंजी तेथे गुंतवू नये. जे काम दहा-पंधरा वर्षे दूर आहे, त्याच्यासाठीच समभागांच्या म्युच्युअल फंडात हप्ता लावावा, आणि लावल्यावर रोजचा भाव पाहू नये. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स २५,९८१ वर बंद झाला, तेव्हा भीतीने ज्यांनी पैसे काढले त्यांना २१ जानेवारी २०२१ रोजी तोच निर्देशांक पन्नास हजारांना शिवलेला पाहावा लागला. उसळी दर वेळी इतकी लवकर येईलच असे नाही. म्हणूनच तेथे जाणारा पैसा दूरच्या मुदतीचा असावा.

ही वही वर्षातून एकदा, दिवाळीच्या पाडव्याला, घरातील स्त्रियांसह आणि जाणत्या मुलांसह बसून तपासावी. काम पालटले असेल तर तजवीज पालटावी. शेजाऱ्याला अधिक भाव मिळाला एवढ्यावरून ती कदापि पालटू नये. शेजाऱ्याचा भाव त्याच्या कामाचा आहे. आपली मुदत आपल्या घरची आहे, आणि ती पाळली गेली की मोंढ्यावर काहीही घडो, वर्ष सुखाने पार पडते.