डायल ४० वर ठेवू नका

मुंबईच्या लॅबमधून स्लाइड धुऊन आल्या आणि पहिलीच पट्टी मी खिडकीच्या उजेडात धरली. साधूचे डोळे होते, जटा होत्या, रुद्राक्ष होते. कपाळ आणि खांदे नव्हतेच. भस्माच्या जागी नुसती कोरी, काचेसारखी फिल्म. २००३ च्या सिंहस्थात रामकुंडावर पहाटेपासून चेंगरत उभं राहून काढलेले सहा रोल. त्यातल्या दहा-बारा स्लाइड कशाबशा दाखवण्याजोग्या.

फिल्म व्हेल्विया ५०. इथल्या एका ज्येष्ठ छायाचित्रकारांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "डबीवर ५० असलं तरी डायल ४० वरच ठेवायचा, सगळे तेच करतात." मी ठेवला. स्लाइड घेऊन गेलो तेव्हा चारचौघांसमोर म्हणाले, "तुम्हाला मीटर वाचता येत नाही." ४० चं नावसुद्धा काढलं नाही. ते अजून टोचतं.

मग एक अख्खा रोल घालवून मीच शहानिशा केली. गच्चीवर पांढरा सदरा घातलेला भाऊ, हातात काळी छत्री आणि आकड्याची पाटी: ३२, ४०, ५०, ६४, ८०. मीटर प्रत्येक वेळी ग्रे कार्डावर. सदऱ्याची वीण आणि छत्रीच्या काड्या दोन्ही दिसल्या त्या फक्त ६४ वर. म्हणजे माझं मीटर मुळातच जास्त उजेड मागत होतं, आणि ४० वर मी दोन तृतीयांश स्टॉप जादा देत होतो. त्यात घाटाच्या ओल्या काळ्या पायऱ्या. मीटरला दिसला तो काळोख, त्याने आणखी उजेड मागितला. ४० हा आकडा त्यांच्या मीटरचा होता, माझ्या नव्हे. एवढं एक वाक्य त्यांना सांगता आलं असतं.

निगेटिव्हला स्टॉपभर जास्त झालं तरी प्रिंट करणारा सावरून घेतो. स्लाइड अर्ध्या स्टॉपपलीकडे ऐकत नाही. जितका उजेड जास्त, तितका रंग फिल्मवर कमी उरतो. उरलाच नाही तो कोण आणणार?

२०१८ मध्ये एक्टाक्रोम परत आली, तेव्हापासून तरुण मुलं विचारायला येतात. त्यांना सांगतो, आकडा कुणाकडून उसना घेऊ नका. आपला कॅमेरा, आपलं मीटर, एक रोल त्यासाठी घालवा. भस्म, पांढरं धोतर असलं काही असेल तर त्याच उजेडात आपला तळहात मोजा आणि एक स्टॉप उघडा. डायल थोडा सरकवला असेल तर लॅबला चिठ्ठीवर 'नेहमीप्रमाणे धुवा' असं ठळक लिहा. बॅटरी नवी घाला, वही जवळ ठेवा.

२०१५ च्या सिंहस्थात दोनच रोल नेले, दोन्ही ६४ वर. भस्मावरून ओघळलेला पाण्याचा थेंबसुद्धा स्पष्ट आलाय. त्या ज्येष्ठांना मात्र दाखवायला गेलो नाही.