बिघडत्या हार्ड डिस्कवरील माहितीचे रक्षण

लॅपटॉपमधील हार्ड डिस्कची तबकडी बहुधा मिनिटास ५४०० फेरे घेते. वाचनशीर्ष तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर, हवेच्या थरावर तरंगत असते. ते तबकडीस घासले, की चुंबकीय थर खरवडला जाऊन तेथील नोंद कायमची नष्ट होते. म्हणून टकटक आवाज येताच यंत्र बंद करावे. डिस्क घरी उघडू नये. धुळीचा कणही त्या अंतराहून कितीतरी पटींनी मोठा असतो. ते काम निर्धूळ कक्षातील तज्ज्ञांचे होय.

आवाज नसून वाचन नुसते अडखळत असेल, तर मूळ डिस्कवर काहीही न लिहिता तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवावी. डिस्क केव्हा बंद पडेल याचा नेम नसल्याने ‘डीडीरेस्क्यू’ ही आज्ञावली प्रथम सुवाच्य भाग घेते व दुर्वाच्य भागांकडे मागाहून वळते. दुरुस्तीचे प्रयोग त्या प्रतीवरच करावेत.