सरकारी जागा आणि नोकरीची मागणी

बारावीचा निकाल लागला की इगतपुरी तालुक्यातील घोटीच्या बाजारपेठेत, भातगिरणीच्या ओट्यापासून तहसिलीच्या दाखल्यांसाठी लागलेल्या रांगेपर्यंत, "कोणत्या लाइनला स्कोप आहे?" हा एकच प्रश्न पालकांच्या तोंडी असतो; आणि ज्या विषयांना नोकरी नाही, त्यांच्या जागा सरकारने आपल्या खजिन्यातून का चालवाव्यात, ही शंकाही त्याच्याच पाठोपाठ येते. ही शंका रास्त आहे, कारण ज्यांनी महाविद्यालयाची पायरी कधी चढली नाही, अशा रयतेच्या करातूनही तो खजिना भरतो. म्हणूनच 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने प्रत्येक विद्यापीठावर, कोणती महाविद्यालये व अभ्यासक्रम कोठे हवेत हे ठरविणारा बृहत् आराखडा तयार करण्याची जबाबदारी टाकली आहे.

परंतु मागणी पाहून जागा ठरवाव्यात, हे म्हणणे जितके सोपे, तितका त्याचा अंमल सोपा नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या पंचवार्षिक योजनांच्या काळात देशाने मोठ्या आशेने अभियांत्रिकीच्या जागा वाढविल्या. पदवीधर बाहेर पडू लागले तो 1966 नंतरची मंदी आली, आणि प्रवेशसंख्या घटविण्याची पाळी सरकारवर आली. आपल्या डोळ्यांदेखतचे उदाहरण डी.एड. या शिक्षक-पदविकेचे. हमखास नोकरीच्या भरवशावर गावोगाव अध्यापक विद्यालये निघाली. 2012 मध्ये शिक्षकभरतीवर निर्बंध आले, 2013 पासून पात्रता परीक्षेची अट आली, आणि पदविका पदरी असलेली असंख्य मुले नेमणुकीची वाट पाहत राहिली. वाड्यापाड्यांवरील शाळांना शिक्षकांची गरज मात्र त्या काळातही संपली नव्हती. आटली होती ती पदांची मंजुरी.

गरज आणि मागणी यांतील हा भेद इगतपुरी तालुक्यात तर स्पष्टच दिसतो. येथे पाऊस कोसळतो, वैतरणेचे पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवर टँकरची प्रतीक्षा असते. तरीही भूगर्भशास्त्र वा जलसंधारण जाणणाऱ्यांसाठी जाहिराती क्वचितच निघतात. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या जागांनी अशा दीर्घकालीन गरजांचा वेध घ्यावा, असे माझे निश्चित मत आहे. वर्षागणिक बदलणाऱ्या बाजारभावामागे त्यांनी धावू नये. पदवीला तीन-चार वर्षे लागतात, तर तिच्या बळावर पस्तीस-चाळीस वर्षे काढायची असतात.

तेव्हा पालकांनी आजच्या जाहिराती पाहून शाखा निवडू नये. ज्या विषयात मूल नेटाने टिकेल तो विषय घ्यावा. अतिसंकुचित नावाच्या नव्या शाखेपेक्षा भक्कम पायाची मूळ शाखा श्रेयस्कर मानावी. महाविद्यालयाची इमारत पाहण्याऐवजी प्रयोगशाळा पाहावी, आणि तेथून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुलांना भेटून ती आज काय करतात, हे विचारावे. मुलगी व्यावसायिक अभ्यासक्रमाला जात असेल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर 2024 पासूनच्या शुल्कमाफीची चौकशी अवश्य करावी, आणि उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवावा. आयटीआयचा मार्गही कमी प्रतिष्ठेचा समजू नये. तालुक्यातल्याच गोंदे औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना कुशल हात लागतातच.

जागांचा समतोल राखणे हे शासनाचे कर्तव्य आहे. मुलाच्या आवडीचा आणि कुवतीचा विचार करणे हे घराचे. शासन आपल्या कर्तव्यात चुकले, तरी घराने आपल्या कर्तव्यात चुकता कामा नये.